टेम्पो बोलावण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वहिनींचे, म्हणजे तुझ्या आईचे, वर्षश्राद्ध पार पडले, आता येत्या रविवारी टेम्पो आणि भंगारवाला बोलावून बेळगावातल्या शहापूरचे घर एका दिवसात मोकळे करणार, असे तू कळवले आहेस. माळ्यावर पाय ठेवायला जागा नाही, मधल्या खोलीत कपाटापुढे कपाट उभे आहे आणि सूनबाईंना डाळीचा एक डबा काढायचा तर आधी चार डबे खाली उतरवावे लागतात, हे सारे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. घर मोकळे करण्याचा तुझा विचार मला मनापासून पटतो. टेम्पो मात्र बोलावू नकोस.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतो, कारण तू करायला निघाला आहेस तेच मी १९८८ साली केले. वडील गेल्यानंतर दोन दिवसांत मी आमचा माळा रिकामा केला. रद्दीत गेलेल्या एका गाठोड्यात घराच्या वाटणीचा मोडी लिपीतला कागद होता, हे पुढे सामायिक भिंतीचा प्रश्न उभा राहिला तेव्हा कळले, आणि त्याची नक्कल मिळवण्यात दोन वर्षे गेली. धाकट्या बहिणीने दिवाळीला येऊन आईचे पितळी ओगराळे मागितले, ते मी वजनावर विकून टाकले होते. ती काही बोलली नाही, पण त्या वेळचा तिचा चेहरा मला आजही आठवतो. आणि ज्या माळ्यासाठी हे सगळे केले तो पाच वर्षांत पुन्हा गच्च भरला. वस्तू गेल्या होत्या, पण त्या का साठल्या याचा विचार करायला मी स्वतःला वेळच दिला नव्हता.

भांड्यांच्या दुकानात मी चाळीस वर्षे गादीवर बसलो. लोक मोड घेऊन येत, म्हणजे जुनी भांडी वजनावर देऊन त्या रकमेत नवी घेत, तेव्हा त्या पिशवीतून मीच तीन-चार वर्षांपूर्वी विकलेले स्टीलचे डबे परत येत आणि कित्येकांवरचा कागदी लेबलही निघालेला नसे. दुसरी किसणी, तिसरा झारा, चौथी चहाची गाळणी नेणाऱ्यांशी बोलता बोलता समजे की पहिली वस्तू मोडलेली नाही, ती घरात सापडत नाही एवढेच. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की अनावश्यक खरेदीचे सर्वांत मोठे कारण हौस किंवा जाहिरात यांपेक्षाही, आपल्या घरात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसणे, हे आहे. म्हणून घर आवरणे आणि खरेदी कमी करणे ही मी दोन कामे मानत नाही. प्रत्येक वस्तू एकदा हातात घेऊन, ती कधी आणली, कोणासाठी आणली आणि शेवटची कधी वापरली हे आठवणे, हे काम टेम्पोच्या वेगाने होत नाही.

सुरुवात आईच्या वस्तूंपासून करू नकोस. तेथे हात थांबतो, मन भरून येते आणि मग एकतर सगळेच ठेवावेसे वाटते किंवा सगळेच टाकून मोकळे व्हावेसे वाटते. पहिले चार आठवडे फक्त तुम्हा दोघांनी आणलेल्या वस्तू घ्या. जुने मोबाईल आणि त्यांचे चार्जर, रिकामी खोकी, प्लास्टिकचे डबे ज्यांची झाकणे हरवली आहेत, न बसणारे बूट, हप्त्यावर घेतलेले आणि आता कपडे वाळत घालण्यासाठी वापरले जाणारे ते व्यायामाचे यंत्र. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, एक फळी किंवा एक खण, आणि अर्धा तास झाला की उठायचे. उरलेले काम उद्याचे. जे बाहेर काढाल ते एका वहीत लिहून ठेवा, शक्यतो आठवत असेल ती किंमतही लिहा. महिन्याअखेर ती वही वाचलीस की तुझा पगार कोणत्या वाटेने जातो हे मला तुला वेगळे सांगावे लागणार नाही.

उद्यमबागेतल्या तुमच्या कारखान्यात पाच ‘एस’ची पाटी लावली आहे आणि त्या जपानी शब्दांचे अर्थ तूच मला सांगितले होतेस: सेइरी म्हणजे निवड, सेइतोन म्हणजे मांडणी, सेइसो म्हणजे सफाई, सेइकेत्सू म्हणजे ठरलेली पद्धत आणि शित्सुके म्हणजे शिस्त. त्यात निवडीचे काम पहिले येते, मांडणी नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपण घरी नेमके उलटे करतो. सामान वाढले की नवे कपाट आणतो आणि नको असलेल्या वस्तू अधिक नीट मांडून ठेवतो. लागेल की नाही याची शंका असलेल्या वस्तूला तुम्ही लाल चिठ्ठी बांधून वेगळ्या जागी ठेवता आणि ठरलेल्या मुदतीत कोणी मागितली नाही तर ती हलवता, ही रीत जशीच्या तशी घरी आण. चिठ्ठीवर तारीख घाल. वर्षभराची मुदत दे, कारण आपल्या घरात काही वस्तू गणपतीलाच लागतात आणि काही फक्त दिवाळीच्या फराळाला.

कोणते काम केव्हा करायचे हे आपल्या हवामानाकडे पाहून ठरव. आता चैत्र चालू आहे. पाऊस लागण्यापूर्वी माळा आणि कागदपत्रे हाताळून घे, कारण एकदा मृगाचा पाऊस धरला की कौलाखालच्या माळ्यावर ओल येते आणि उघडलेली ट्रंक कोरडी ठेवणे कठीण होते. पावसाळ्याचे तीन-चार महिने स्वयंपाकघरासाठी ठेव. कपडे आणि अंथरुणे मात्र भाद्रपदात, घट बसण्यापूर्वी. त्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी वाकळा धुऊन उन्हात पडतात, प्रत्येक गाठोडे तसेही सुटतेच, तेव्हाच निवड करावी. आपल्या बायकांनी वर्षातून एकदा सगळे घर बाहेर काढण्याची ही रीत घालून ठेवली आहे. आपण पुरुषांनी त्यात फक्त ओझी उचलली, निवडीत कधी लक्ष घातले नाही, ते आता घाल.

कागदांविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला आणि चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. त्यामुळे आपल्यासारख्या घरांत आजोबांचा कागद मोडीत, वडिलांच्या लहानपणचा बाळबोध (देवनागरी) मराठीत आणि नंतरचे उतारे कन्नडमध्ये, अशी एकाच मिळकतीची कागदपत्रे तीन तऱ्हांची असतात. तुला मोडी येत नाही आणि तुझ्या वडिलांना कन्नड वाचता येत नव्हते. जे वाचता येत नाही ते रद्दीसारखे दिसते, आणि माझी चूक तेथेच झाली. म्हणून वाचता न आलेला एकही कागद घराबाहेर जाऊ देऊ नकोस. सगळे कागद एका कोरड्या पेटीत घाल, मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखव आणि प्रत्येकाच्या पाकिटावर तो कशाचा आहे हे मराठीत लिही. जुने शाळेचे दाखले, शिधापत्रिका, घरपट्टीच्या पावत्या हेही त्यातच. उलट विजेची दहा वर्षांपूर्वीची बिले, केव्हाच मोडीत गेलेल्या यंत्रांची हमीपत्रे, लग्नपत्रिकांचे गठ्ठे यांना जपण्याचे कारण नाही. देवादिकांची चित्रे असल्याने त्या टाकवत नाहीत, हे मला समजते, तर चित्रे कापून मुलांच्या वहीला दे आणि बाकीचे रद्दीत घाल.

भांड्यांच्या बाबतीत माझा अनुभव तुझ्या उपयोगी पडेल. माळ्यावरची सगळी भांडी खाली घेऊन आधी चिंच लावून घास, म्हणजे धातू ओळखता येतो. तांबे, पितळ, कासे, स्टील आणि जर्मल (अ‍ॅल्युमिनियम) यांचे वेगवेगळे ढीग कर, कारण एकत्र पोत्यात घातले की भाव सगळ्यांत हलक्या धातूचा लागतो. कासे बारकाईने बघ. काळवंडलेले कासे पितळेसारखे दिसते, पण कडेला बोटाची टिचकी मारली की त्याचा नाद घंटेसारखा लांबतो. चांगल्या काशात सुमारे ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील असते, पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, म्हणून कासे पितळेच्या भावाने देणे म्हणजे नुकसान करून घेणे आहे. लोखंडी कड्या आणि दांडे आधीच काढून घे आणि प्रत्येक ढिगाचे वजन घरी करून लिहून ठेव. शेर, मापटे, चिपटे अशी धान्य मोजायची जुनी मापे सापडली तर ती मोडीत घालू नकोस. दशमान पद्धत आल्यावर ती व्यवहारातून गेली आणि आता ती नव्याने कोणी घडवणार नाही.

ठेवायचे ते वापरात आण. पितळी पातेले माळ्यावर ठेवण्यापेक्षा कल्हई करून घेऊन चुलीवर चढवावे, मात्र कल्हईशिवाय त्यात आंबट काही शिजवू नये. पन्नास माणसांच्या पंगतीचे तपेले आणि पराती तुला कशाला हव्यात, याचा विचार कर. वर्षातून एकदा लागणारे मोठे भांडे गल्लीच्या देवस्थान पंचांकडून किंवा मंडपवाल्याकडून आणता येते, आणि तुझी दोन तपेली त्याच पंचांना दिलीस तर ती दर सणाला चुलीवर चढतील.

वहिनींच्या साड्या सगळ्यांत शेवटी. सुती लुगडी-साड्यांची वाकळ शिवून घे. शिवणाऱ्या बायका अजून आपल्या खेड्यांत आहेत, त्यांना मजुरी पूर्ण दे. शहापूरच्या मागावरच्या ज्या दोन-तीन साड्या त्यांनी जपल्या होत्या त्या सूनबाईंनी आणि तुझ्या बहिणीने आपसात ठरवून घ्याव्यात, तू मध्ये पडू नयेस. राहिल्या आहेरात आलेल्या साड्या, ज्या कोणी नेसलेल्या नाहीत आणि ज्या या घरातून त्या घरात फिरत असतात. त्या आता पुढे फिरवू नकोस, ज्या बाईला नेसायला हवी आहे तिला विचारून दे. विचारून दे, हे मी मुद्दाम म्हणतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा गावांत शिरल्या तेव्हा मी मदतीचे सामान घेऊन निपाणीकडे गेलो होतो. लोकांना हवी होती कोरडी अंथरुणे, भांडी आणि औषधे, आणि रस्त्याच्या कडेला चिखलात पडला होता फाटक्या, उसवलेल्या कपड्यांचा ढीग, जो कोणीतरी आपले कपाट मोकळे करून पाठवला होता. ज्यांचे घर पाण्यात होते त्यांनाच तो ढीग उचलावा लागला.

बिघडलेले मोबाईल, बॅटऱ्या आणि जुने सीएफएल दिवे नेहमीच्या कचऱ्यात टाकू नयेत, सीएफएलमध्ये पारा असतो. ते वेगळे ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांनाच द्यावेत. गाडीत टाकलेला कचरा नाहीसा होत नाही, तो तुरमुरीच्या डेपोत जाऊन पडतो आणि तेथेही माणसे राहतात.

आता खरेदीचे. दुकानात गिऱ्हाईक निदान वस्तू उचलून, वाजवून, वजन बघून घेत असे आणि पैसे मोजताना एकदा थांबत असे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर बोट टेकवताना ते थांबणे राहत नाही. ते आपण मुद्दाम निर्माण करावे. हवीशी वाटलेली वस्तू त्याच वहीत तारखेसह लिही आणि पुढच्या अमावास्येपर्यंत घेऊ नकोस. त्या दिवशी वही उघडून, ती अजून हवी आहे का आणि तिचे काम करणारे घरात काही आहे का, हे दोघांनी मिळून बघा. मोबाईलमधून साठवलेले कार्ड काढून टाक. संचात स्वस्त पडते म्हणून सहा घेऊ नकोस. दोनच लागत असतील तर उरलेल्या चारांचे पैसे वायाच जातात, आणि हे मी आयुष्यभर संच विकल्यावर सांगतो आहे. धनत्रयोदशीला भांडे घ्यायची तुमच्या घरची प्रथा आहे, ती मोडू नकोस, एक वाटी घेतली तरी मुहूर्त साधतो. वहिनी शेवटची सात-आठ वर्षे वाटीच घेत असत. त्या म्हणत, माळ्यावर जागा नाही. त्यांनाही हे घर आवरायचे होते आणि गुडघ्यांमुळे त्या शिडी चढू शकत नव्हत्या, हे कदाचित तुला ठाऊक नसेल.

टेम्पोवाल्याला नको म्हणून आजच कळव. रविवारी सकाळी नऊ वाजता मी वजनकाटा घेऊन येतो. आपण फक्त स्वयंपाकघरातली खिडकीखालची फळी घेऊ, तीच, जिच्यावर झाकणे नसलेले डबे आहेत. एक जाड वही आणि थोडा लाल कागद तेवढा आणून ठेव. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
काका