‘गढूळ’ नव्हे, ‘कषाय’

सोलापूरच्या एका भूगोल शिक्षिकेने विचारले आहे : ‘पाण्यात वितळलेल्या सेंद्रिय कर्बामुळे सरोवर गढूळ होते व सूर्यप्रकाश खोलवर जात नाही’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘गढूळ’साठी याहून नेमका शब्द आहे का?

‘वितळलेल्या’ हा शब्द आधी खोडावा. तूप वितळते, साखर विरघळते. वितळायला उष्णता लागते, विरघळायला पाणी. चांगली शिकलेली माणसेही हा घोटाळा रोज करतात आणि तो दर वेळी कानाला टोचतो. ‘सेंद्रिय कर्ब’, म्हणजे कुजलेल्या पानापाचोळ्यातून येणारा कार्बन, मात्र तसाच ठेवावा. माती परीक्षणाच्या अहवालांमुळे तो शेतकऱ्यांच्या तोंडी चांगला रुळला आहे.

आता ‘गढूळ’. गढूळ पाण्यात कण तरंगत असतात, आणि पाणी हलू न देता ठेवले की ते निवळते. गढूळ आणि निवळ ही आपल्या भाषेतली जोडी आहे. जे निवळण्याजोगेच नाही, त्याला गढूळ म्हणणे म्हणजे ही जोडी मोडणे होय. प्रयोगशाळेतला संकेतही हेच सांगतो : साधारणपणे ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून जे पार होते, त्यालाच ‘विरघळलेले’ म्हणतात. वर अडकतो तो गाळ. ज्या कर्बाविषयी बाई विचारत आहेत, तो गाळणीतून खाली उतरलेल्या पाण्यात असतो.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर काचेचे दोन पेले घ्यावेत. एकात चिमूटभर काळी माती ढवळावी, दुसऱ्यात बाभळीच्या शेंगा रात्रभर भिजवून ते पाणी कापडाने गाळून भरावे. दोन्ही पेले छापील कागदासमोर धरले, तर मातीच्या पाण्याआड अक्षरे पुसट होतात. शेंगांच्या पाण्यातून ती तपकिरी दिसतात, पण वाचता येतात. अंधारात बाजूने विजेरीचा झोत सोडला, तर मातीच्या पाण्यात झोताचा पांढुरका पट्टा उमटतो, कारण कण प्रकाश विखुरतात. शेंगांच्या पाण्यात असा पट्टा जवळजवळ दिसत नाही. प्रकाश आतच शोषला जातो आणि पलीकडे तांबूस होऊन निघतो.

या दुसऱ्या पाण्यासाठी आपल्याकडे शब्द आहे, आणि तो इतका चपखल आहे की तो कोणी वापरत नाही याचे मला वाईट वाटते. तो शब्द ‘कषाय’. अमरकोशात रसांची नावे देताना तुवर आणि कषाय हे एकाच चवीचे पर्याय म्हणून येतात. तुवर म्हणजे आपले तुरट. कषाय म्हणजे काढाही, आणि कषाय म्हणजे तांबूस-तपकिरी रंगही. संन्याशाचे वस्त्र काषाय असते ते त्यामुळेच. पाने, साली, शेंगा पाण्यात मुरतात, त्यांतली तुरट द्रव्ये पाण्यात उतरतात आणि पाण्याला तपकिरी रंग येतो. कृती, चव आणि रंग या तिन्हींना एकच नाव आहे. पारंपरिक व्युत्पत्ती ‘कष्’ म्हणजे घासणे या धातूकडे बोट दाखवते. माझे मत असे की अर्थाच्या वाढीत काढा आधी आला असावा, कारण चव आणि रंग हे दोन्ही त्याच भांड्यात सापडतात. सोलापुरात तर हा शब्द परकाही वाटू नये : कानडी घरात काढ्याला आजही ‘कषाय’ म्हणतात, तेलुगू घरात ‘कषायम्’.

येथे ओघातच सांगतो की ‘काढा’ हा शब्द ‘काढणे’वरून आला, म्हणजे जो अर्क काढला तो काढा, असे ठासून सांगणारे अभ्यासक साफ चुकतात. काढा आला ‘क्वाथ’वरून, कढणे, कढी ही त्याची भावंडे. ‘काढणे’चे मूळ ‘कृष्’ म्हणजे ओढणे यात आहे.

कषायाचे भाषांतर ‘मळ’ असे करणाऱ्यांशी माझा वाद याहून जुना आहे. जैन विचारात क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय आहेत, आणि कर्म आत्म्याला चिकटते ते त्यांच्यामुळे, असे सांगितले जाते. हे चिकटणे रंगाऱ्याकडे पाहावे : सुती कापड रंगवण्याआधी हिरड्याच्या कषाय पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे पुढचा रंग धरतो. सोलापूरच्या रंगाऱ्यांच्या गावात हे उदाहरण समजावून सांगण्याची गरज पडू नये. मळ वर बसतो आणि धुतला जातो. कषाय धाग्यात मुरतो. गढूळ पाणी आणि कषाय पाणी यांतला भेद नेमका हाच आहे.

बाईंच्या वाक्यातला प्रकाशाचा भागही थोडा बदलावा लागेल, कारण कषाय पाणी सगळा प्रकाश सारखा अडवत नाही. त्यातील रंगीत द्रव्ये अतिनील आणि निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतात, तांबडा त्यामानाने कमी. म्हणून स्वच्छ सरोवरात निळा-हिरवा प्रकाश सर्वांत खोल जातो, तर फिनलंड, स्वीडन आणि कॅनडाच्या जंगलांतील व दलदलींतील तपकिरी सरोवरांत तो वरच संपतो आणि खाली तांबूस उजेड उरतो. अतिनील किरणांचे प्रमाण तर थोड्याशा कर्बानेही बदलते : लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅमपेक्षा कमी कर्ब असलेल्या पाण्यात ते कित्येक मीटर उतरतात, आणि दहाच्या आसपास कर्ब असेल, तर काही सेंटिमीटरांतच बहुतेक गळून जातात. तेव्हा वाक्य असे लिहावे : ‘विरघळलेल्या सेंद्रिय कर्बाने सरोवराचे पाणी कषाय होते व निळा आणि अतिनील प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो.’ पहिल्या पावसानंतर हिप्परग्याच्या तलावात काळ्या रानातून वाहून आलेले पाणी पाहाल, तेव्हा मात्र बेलाशक ‘गढूळ’ म्हणा.

बाईंनी विचारले नाही, तरी एक क्रियापद सुचवतो. कषाय पाण्याचा रंग उन्हाने हळूहळू फिका होतो, आणि त्यासाठी ‘प्रकाशजन्य विरंजन’ असा जड शब्द योजला जातो. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीचा रंग विटतो, तसे हे पाणी विटते. ज्या सरोवरात पाणी वर्षानुवर्षे मुक्काम करते, तेथे ते अधिक विटलेले आढळते.