दुकान विकण्याआधी वहिनींना विचारलंत का?

गोव्यात फोंड्याला स्वतःच्या गाळ्यात इलेक्ट्रिकलचं दुकान, वय 61, मुलगा पुण्यात नोकरीला. दुकान विकायचं तर किंमत कशी काढायची आणि कागद कोणते लागतील, हे तुम्ही विचारलंय. प्रश्नात वहिनींचा, म्हणजे तुमच्या बायकोचा, उल्लेख एकदाही नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबांचं म्हापशात हार्डवेअरचं दुकान होतं. दुपारी ते जेवून आडवे झाले की गल्ल्यावर आई. उधारीची वही तिच्याच अक्षरात. कुठला मेस्त्री चतुर्थीआधी पैसे आणून देतो आणि कुणाला परत सिमेंट द्यायचं नाही, ते तिलाच ठाऊक. दुकान विकायचं मात्र बाबा आणि काकांनी ठरवलं, बयाणाही घेतला. घेणाऱ्याच्या वकिलाने कागद चाळून पहिलंच विचारलं, "बायकोची सही?" काका भडकले. "गाळा दादाच्या नावावर, वहिनीचा काय संबंध?"

संबंध निम्म्याचा! लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता समाईक. मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यात त्यासाठी खास कलम 5 अ होतं: धंद्याचं उत्पन्न दोघांच्या रिटर्नमध्ये निम्मं-निम्मं. बाबांचा सीए वर्षानुवर्षं तसंच भरत होता. कर भरताना आई निम्म्याची धनीण आणि विकताना कुणीच नाही? काकांशी मी यावरूनच भांडले, आणि आजही त्यांचंच चुकलं म्हणेन. आईने सही केली ती निम्मी रक्कम आपल्या खात्यात येईल या अटीवर. उधारीही विकू दिली नाही, स्वतः वसूल केली.

आता तुमचं. घरची मासळी, गॅस, विम्याचा हप्ता गल्ल्यातून जात असेल तर आजपासून बंद करा. महिन्याला ठरावीक उचल घ्या. घेणारा रिटर्नमधला नफा बघतो, तोंडी सांगितलेला नाही. किंमत काढताना पडून राहिलेला माल खरेदीच्या भावाने धरू नका. जीएसटी नंबर तुमच्या पॅनवरचा, तो त्याला मिळत नाही; त्याने स्वतःची नोंदणी करायची. चालू धंदा देणी-घेण्यांसकट देत असाल तर खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-02 हा जीएसटीचा फॉर्म भरून त्याच्याकडे वळवता येतं.

लग्न गोव्याबाहेर झालं असेल तर मात्र निम्म्या वाट्याचं वरचं सगळं वकिलाकडून तपासून घ्या. बयाणा त्यानंतरच, आणि वहिनींच्या समोर.