कधीच न उडालेली विमानं आणि बारावीनंतरची निवड

प्रश्न: मी बारावी विज्ञान शाखेत आहे. इतिहास थोडा वेगळा घडला असता तर जी लढाऊ विमानं तयार झाली असती, ती मी काढते. काही कागदावर, बरीचशी कॉम्प्युटरवर. सोबत तीन चित्रं पाठवली आहेत: १९७२ सालचं कॅनडाचं अ‍ॅरो, विमानवाहू नौकेवरचं भारताचं मारुत आणि गोठलेल्या तळ्यावरून उडणारं एक जेट. तिसरं जरा विचित्र आहे, पाठवू की नको असं झालं होतं. बाबा म्हणतात, छंद म्हणून ठीक आहे, पण यात करिअर नाही. एरोस्पेस इंजिनिअरिंग घ्यावं की डिझाइन, हे मला ठरवता येत नाहीये. यातून खरंच काम मिळतं का? आणि ही चित्रं इंटरनेटवर टाकावीत का?

उत्तर: काल्पनिक लढाऊ विमानं काढणारी व्यक्ती हवी, अशी जाहिरात तुला कुठे दिसणार नाही. बाबांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. पण तुझ्या चित्रांत जी कौशल्यं एकत्र आली आहेत, ती वेगवेगळ्या ठिकाणी लागतात. गेम आणि अ‍ॅनिमेशनची कन्सेप्ट आर्ट (काम सुरू होण्याआधीची कल्पनाचित्रं), मॉडेल किटच्या खोक्यांवरची चित्रं, डिकल्स (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं), विमानांवरच्या पुस्तकांतली प्रोफाइल्स (बाजूने काढलेली चित्रं), संग्रहालयांतले फलक, विमान उद्योगातली तांत्रिक चित्रं. यांतलं तुझं काय, हे तुझ्या तीन चित्रांवरून बरंचसं कळतं, म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलते.

अ‍ॅव्हरो कॅनडाचं सीएफ-१०५ अ‍ॅरो २५ मार्च १९५८ रोजी पहिल्यांदा उडालं आणि २० फेब्रुवारी १९५९ रोजी सरकारने तो प्रकल्पच रद्द केला. तयार विमानंसुद्धा तोडून टाकली. ‘ते वाचलं असतं तर?’ हा प्रश्न व्हॉट-इफ, म्हणजे ‘असं झालं असतं तर’ प्रकारची, विमानं काढणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. तुझी रेषा स्वच्छ आहे, पॅनेल लाइन्स (पत्र्यांच्या जोडांच्या रेषा) नेमक्या आहेत, पत्र्यावरचा उजेड छान पकडला आहेस. पण साल १९७२ घातलंस आणि अंगावर ‘रॉयल कॅनेडियन एअर फोर्स’ असं लिहिलंस. फेब्रुवारी १९६८ मध्ये कॅनडाची तिन्ही दलं एकत्र केली गेली आणि ते नाव गेलं, ते परत आलं २०११ मध्ये. शेपटीवर तू जुना लाल ध्वज काढला आहेस, मेपलच्या पानाचा ध्वज मात्र १९६५ पासूनच आहे. तुझ्या कल्पित इतिहासात दलं एकत्र झालीच नसतील तर काहीच हरकत नाही. फक्त ते तू ठरवलेलं असावं, नजरेतून सुटलेलं नसावं. आणखी एक. अ‍ॅरो बनवलं होतं ते सोव्हिएत बॉम्बर अडवायला. ते कारखान्याबाहेर लोकांसमोर आणलं तो दिवस ४ ऑक्टोबर १९५७, म्हणजे स्पुटनिक अवकाशात गेला तोच. पुढे धोका बॉम्बरपेक्षा क्षेपणास्त्रांचा वाटू लागला. मग तुझ्या १९७२ मध्ये हे विमान कुणाला अडवायला उडतंय? याचं उत्तर मिळालं की पोटाखाली कोणती शस्त्रं असतील आणि रंग कोणता असेल, हे दोन्ही आपोआप ठरेल.

मारुतबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे तू फार मोठी संधी सोडली आहेस.

जर्मनीच्या फोके-वुल्फ कंपनीची विमानं घडवणारे कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळुरूला आले आणि १७ जून १९६१ रोजी मारुतचं पहिलं उड्डाण झालं. आराखडा ध्वनीच्या दुप्पट वेगाचा होता. तो ज्यावर बेतला होता ते ब्रिस्टल ऑर्फियस १२ हे इंजिन आफ्टरबर्नरसकट (मागच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) सुमारे ३,७०० किलो थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, देणार होतं. ब्रिटनने त्याचा विकास सोडून दिला आणि उरलेला खर्च भारताने उचलला नाही. मग बसवली गेली आफ्टरबर्नर नसलेली ऑर्फियस ७०३, प्रत्येकी साधारण २,२०० किलोची. विमान १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर लढलं, वैमानिकांनी त्याच्या स्थिरपणाची स्तुती केली, पण ज्या वेगासाठी ते आखलं होतं तो त्याला कधीच गाठता आला नाही.

तू चित्राखाली ‘ऑर्फियस १२ इंजिन’ असं लिहिलंस आणि शेपूट मात्र खऱ्या मारुतचीच ठेवलीस. आफ्टरबर्नर आला की जेटपाइप लांबते, मागचं तोंड रुंद होतं, त्याभोवतीचा फ्युजलाज (विमानाचं धड) बदलतो आणि ते नीट जमलं नाही तर मागे ड्रॅग (हवेचा अवरोध) वाढतो. आफ्टरबर्नरवाल्या मारुतचे प्रयोग खरोखर झाले होते. जानेवारी १९७० मध्ये तशाच एका विमानाच्या अपघातात चाचणी वैमानिक ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. तुझ्या चित्रात जी ओळ एका सेकंदात टाइप होते, तिच्यासाठी कुणीतरी त्या कॉकपिटमध्ये बसलं होतं, हे काढताना मनात असू दे.

आता नौका. तेव्हाच्या विक्रांतवर सी हॉक जेट विमानं होती, भरल्या वजनाने सात टनांच्या आसपास, लांबी १२ मीटर. मारुत जवळजवळ ११ टन आणि १६ मीटरला थोडं कमी. हे विमान त्या कॅटापुल्टने (डेकवरून विमान पुढे फेकणाऱ्या यंत्राने) उडणार कसं, लिफ्टमधून खालच्या हँगरमध्ये जाणार कसं, पंख कुठून दुमडणार? तू शेपटीखाली डेकवरची तार पकडणारा हुक काढलास, पण चाकांचे पाय तेच बारीक ठेवलेस. डेकवर विमान अलगद टेकत नाही, आदळतं. नौदलाची आवृत्ती म्हटली की पाय जाड होतात, ते जिथे जोडले आहेत तो सांगाडा जड होतो आणि वजन आणखी वाढतं. माझं ऐकशील तर नौका सोडून दे. एकच गोष्ट बदल: भारताने त्या इंजिनाचे पैसे दिले. मग १९६२ मध्ये मिग-२१ घ्यायचा निर्णय झाला असता का? १९७१ मध्ये मारुतच्या किती स्क्वॉड्रन्स असत्या, कुठल्या तळांवर, कोणत्या कामाला? या एका बदलातून चित्रांची आख्खी मालिका निघेल आणि प्रत्येक चित्र आधीच्याला धरून असेल.

आणि तिसरं, जे पाठवायला तू कचरत होतीस, ते तिघांत सर्वांत चांगलं आहे. पेन्सिलचं आहे, प्रमाणं थोडी चुकली आहेत, तरीही. हवा आत घेणारी तोंडं तू पंखांच्या वर नेली आहेस आणि बाजूला बारीक अक्षरात ‘स्कीने उडालेला बर्फ आत जाऊ नये म्हणून’ असं लिहिलं आहेस. अमेरिकेच्या कॉन्व्हेअर सी डार्टने नेमकं हेच केलं होतं. ते हायड्रो-स्कीवर, म्हणजे पाण्यावर घसरणाऱ्या पट्ट्यांवर, पाण्यातून उडणारं जेट. फवारा इंजिनात जाऊ नये म्हणून त्याची तोंडंही वर होती आणि ऑगस्ट १९५४ मध्ये उथळ सूर मारताना त्याने ध्वनीचा वेग ओलांडला. तुला ते माहीत नव्हतं असं तुझ्या पत्रावरून वाटतं. म्हणजे अडचण पाहून तू स्वतः विचार केलास आणि खऱ्या अभियंत्यांच्या उत्तरापर्यंत पोचलीस. पहिल्या दोन चित्रांत तू माहीत असलेलं विमान सजवलं आहेस, तिसऱ्यात विमान घडवलं आहेस. काम देणारे लोक हेच शोधत असतात, मग तो गेम स्टुडिओ असो की प्रकाशक. रंग भरणारे पुष्कळ मिळतात. शब्द टाइप केले की चित्र काढून देणारी सॉफ्टवेअरसुद्धा आता आहेत, पण त्यांच्या विमानांची चाकं आत कुठे मिटतात ते पुष्कळदा त्या चित्रात सापडत नाही. हे तोंड इथेच का, असं विचारल्यावर ज्याला सांगता येतं, त्याला मागणी राहते.

काल्पनिक विमानाला ग्राहक नसतो असंही नाही. १९८६ मध्ये टेस्टर्स कंपनीने ‘एफ-१९’ नावाच्या स्टेल्थ (रडारला सहज न दिसणाऱ्या) विमानाचं किट काढलं. असं विमान अस्तित्वातच नव्हतं, तरी किट प्रचंड खपलं. १९८८ मध्ये खरं एफ-११७ जगासमोर आलं तेव्हा ते कोनाकोनांचं निघालं, किटसारखं गुळगुळीत मुळीच नाही. गेममध्येही कल्पित विमानांना जागा आहे, कारण खऱ्या विमानाचं नाव आणि रूप वापरायचं तर अनेकदा उत्पादकाची परवानगी लागते. तरी स्पष्ट सांगते, निव्वळ व्हॉट-इफ प्रोफाइल्सवर घर चालवणारे फार थोडे आहेत. बहुतेकांचा मुख्य पगार शेजारच्या कामातून येतो. त्या कामांपैकी तांत्रिक चित्रण तुझ्या वयाच्या मुलांना माहीतच नसतं. विमानाच्या देखभालीच्या पुस्तिकांत आणि सुट्या भागांच्या सचित्र यादीत प्रत्येक बोल्ट कुठल्या क्रमाने निघतो ते दाखवावं लागतं. कंटाळवाणं वाटेल, पण विमान आतून समजून घ्यायची ती उत्तम जागा आहे. एअरफिक्स या मॉडेल किट कंपनीच्या खोक्यांवरच्या चित्रांसाठी ओळखले जाणारे रॉय क्रॉस आधी तांत्रिक चित्रकार होते. अंतराळ चित्रपटांच्या कन्सेप्ट आर्टमुळे नावाजलेले राल्फ मॅक्वॉरी यांनीही त्याआधी बोइंगमध्ये तशीच चित्रं काढली होती.

आता एरोस्पेस की डिझाइन. एरोस्पेस घेतलंस तर पूर्ण विमान कागदावर उतरवायची संधी मिळेलच असं धरून चालू नकोस. तेजसचा कार्यक्रम १९८३ मध्ये मंजूर झाला, पहिलं उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झालं, पहिली स्क्वॉड्रन जुलै २०१६ मध्ये उभी राहिली. एका अभियंत्याची बहुतेक नोकरी एवढ्यात संपते आणि त्या काळात तो कदाचित पंखाच्या एका जोडावर किंवा इंधनाच्या एका पंपावर काम करतो. ज्याला त्या जोडातलं गणित आवडतं त्याच्यासाठी ते समाधानाचं आयुष्य आहे. डिझाइन किंवा इलस्ट्रेशन घेतलंस तर रोज नवं काही काढशील, पण ते विमानच असेल असं नाही. पहिली काही वर्षं खुर्च्या, बाटल्या, दुसऱ्याने ठरवलेली पात्रं आणि इमारती वाट्याला येतील.

म्हणून तुला काय आवडतं हे विचारत नाही, दोन्ही आवडतंय हे दिसतंच आहे. एक प्रयोग कर. तिसऱ्या चित्रातलं जेट घे आणि दोन आठवडे त्याचा हिशेब कर: वजन किती, पंखाचं क्षेत्रफळ किती, गुरुत्वमध्य कुठे येतो. नासाने सर्वांना खुलं केलेलं ओपनव्हीएसपी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात त्याचा आकार उभा कर. पुढचे दोन आठवडे त्याच जेटची फक्त चित्रं काढ: समोरून, वरून, बाजूने, मग बर्फावर दुरुस्ती चालू असताना. त्यासाठी क्रिटा, इंकस्केप, ब्लेंडर ही चित्रकामाची सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. काम रटाळ झालं तेव्हाही कुठल्या दोन आठवड्यांत तू वेळेचं भान विसरलीस, ते बघ. हिशेबात विसरलीस तर एरोस्पेस घे आणि चित्रं चालू ठेव. चित्रांत विसरलीस तर डिझाइन घे आणि विमानांचा अभ्यास सोडू नकोस. अजून बारावीचं वर्ष आहे, तेव्हा दोन्हीकडच्या प्रवेश परीक्षांचे फॉर्म भर, एक दार आत्ताच लावून घ्यायची गरज नाही.

पोर्टफोलिओत पन्नास प्रोफाइल्स नकोत. पाच-सहा विमानं पुरेत, पण प्रत्येकासोबत एक पान मजकूर हवा: इतिहास कुठल्या वर्षी वळला, हे विमान कुणी मागितलं, कशाविरुद्ध, इंजिन कुठून आलं, कुठल्या धावपट्टीवरून उडायचं. कच्ची रेखाटनं आणि सोडून दिलेल्या कल्पनाही लाव. आणि चाकांची तपासणी न चुकता कर. कंपास घेऊन चाक मिटण्याचा मार्ग काढ आणि टायर जिथे जातो तिथे इंधनाची टाकी किंवा इंजिन तर नाही ना, ते पाहा. खऱ्या विमानांच्या आकारामागची कारणंही वाचत जा. मेसरश्मिट २६२ या जर्मन जेटचे मागे वळलेले पंख सगळ्यांना वेगासाठीच वाटतात. ते मुळात वळवले, कारण इंजिनं ठरल्यापेक्षा जड निघाली आणि गुरुत्वमध्य सावरायचा होता.

या क्षेत्रात ‘१९४६ मधली जर्मन विमानं’ हा फार लोकप्रिय प्रकार आहे, तूही कधीतरी तिकडे वळशील. वळायला हरकत नाही. पण तेव्हाची हाइंकेल १६२ सारखी जेट विमानं भूमिगत कारखान्यांत छळछावण्यांतल्या कैद्यांकडून बनवून घेतली जात होती. युद्ध वर्षभर लांबलं असतं तर ते कैदीही वर्षभर तिथेच राहिले असते. त्या पर्यायी इतिहासाचं पान लिहिशील तेव्हा ही माणसं त्यात असली पाहिजेत. स्वस्तिक चिन्ह दाखवण्यावर जर्मनीत कायद्याने कडक निर्बंध आहेत, काम तिकडच्या प्रकाशकाकडे पाठवायचं असेल तर हे लक्षात ठेव.

बाबांना हे पत्र वाचायला दे. त्यांची काळजी पगाराची आहे आणि ती रास्त आहे. तांत्रिक चित्रण, प्रॉडक्ट डिझाइन, एरोस्पेस, थ्रीडी मॉडेलिंग ही सगळी पगाराची कामं आहेत. व्हॉट-इफ विमानं तुला त्यांपैकी एकापर्यंत नेतील आणि नंतर बाजूने थोडीफार कमाईही देतील, एवढं मी त्यांना खात्रीने सांगेन.

चित्रं इंटरनेटवर जरूर टाक, पण चित्राच्या आतच, कापून टाकता येणार नाही अशा जागी, ‘काल्पनिक’ हा शब्द, तुझं नाव आणि वर्ष लिही. अशी प्रोफाइल्स पुढे खरी म्हणून फिरतात आणि कुणीतरी ती इतिहास म्हणून वापरतं. दुसऱ्याच्या रेखाचित्रावर रंग चढवला असशील तर आधी परवानगी घे आणि त्याचं नाव दे. या छोट्या वर्तुळात सगळे एकमेकांची रेषा ओळखतात. लेयर्स असलेली मूळ फाइल मात्र कुणाला देऊ नकोस आणि पुसूही नकोस. खऱ्या कामाची बोलणी सुरू झाली की पहिली चौकशी तिचीच होते.