फिरण्याचे पैसे आणि काकूंचे गुडघे

निवृत्त माणसं पैशांचं नियोजन करून घ्यायला माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न बहुधा उठता उठता विचारतात. आवाज जरा खाली घेऊन, काहीतरी चैनीचं विचारतोय अशा संकोचानं: "मॅडम, फिरण्यावर किती टक्के खर्च केला तर चालेल?"

गेल्या पावसाळ्यात चिंचवडहून आलेल्या एका जोडप्यानं मात्र तो आल्याआल्याच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काका ६१ वर्षांचे, खासगी कारखान्यातून निवृत्त. काकू ५८. घर स्वतःचं, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ७८ लाख हातात आलेले. काकांनी युरोपच्या टूरचं माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. दोघांचे पाच लाख साठ हजार. "पाच टक्के धरावेत का?" ते म्हणाले.

मी विचारलं, कशाचे पाच टक्के? महिन्याच्या उत्पन्नाचे धरले तर सोळाशे रुपये होतात, त्यात लोणावळ्याला एक रात्रही निघणार नाही. सगळ्या पुंजीचे धरले तर तीन लाख नव्वद हजार, आणि ते दरवर्षी काढत गेलात तर सत्तरी गाठायच्या आत पुंजीला मोठं भगदाड. टक्केवारीचा नियम ऐकायला सोपा वाटतो, पण माझ्या अनुभवात त्यानं कुणाचीच काळजी मिटलेली नाही.

मग वहीत मांडायला घेतलं. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख, ८.२ टक्क्यांनी, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये. मासिक उत्पन्न योजनेच्या संयुक्त खात्यात १५ लाख, ७.४ टक्क्यांनी, महिन्याला ९,२५०. ईपीएफची पेन्शन तीन हजार. सगळं मिळून महिन्याला पावणेतेहेतीस हजार, आणि घरखर्च २६ हजार. आज भागतंय. पण महागाई सहा टक्क्यांनी वाढत गेली तर बारा वर्षांनी याच घराला ५२ हजार लागतील आणि मुद्दल तेवढंच असेल, म्हणून व्याजही जवळपास तेवढंच. काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

म्हणून उरलेल्या ३३ लाखांतले १५ लाख पुढच्या महागाईसाठी बाजूला काढले. महिन्याला उरतील ते पैसेही त्यातच टाकायचे. १२ लाख आजारपणासाठी. आरोग्य विमा असला तरी हे हवेतच, कारण विम्यात न बसणारे खर्च साठीनंतर वाढतात. राहिले सहा लाख. ते फिरण्याचे, पुढच्या दहा वर्षांचे.

"म्हणजे युरोप केलं की संपलं," काका म्हणाले.

"जवळजवळ. शिवाय व्हिसा, विमा, तिथली खरेदी त्या माहितीपत्रकात धरलेली नाही."

काकू तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला हे नेहमी खटकतं. फिरण्याचं बजेट ठरतं तेव्हा बायकोला विचारलेलंच नसतं, ती फक्त बरोबर जाणार असते. मी विचारलं, "काकू, तुम्हाला कुठं जायचंय?"

"मला गिरनार करायचाय," त्या लगेच म्हणाल्या. "लग्नाआधीपासून. डॉक्टर म्हणतात, गुडघे आत्ता साथ देतील, दोन-तीन वर्षांनी सांगता येत नाही."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. पस्तीस वर्षांत हे त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

दहा हजारांच्या आसपास पायऱ्या. २०२० पासून अंबाजीपर्यंत रोपवे आहे, त्यानं जवळपास निम्म्या वाचतात. पण दत्तशिखर पुढेच आहे, तिथं चालतच जायचं. खर्च किती? दोघांचं रेल्वेचं भाडं आणि जुनागढला तीन रात्री, असं धरून तीस हजारांच्या आत. (रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. अनेक जण ती अजून हिशेबात धरतात, म्हणून सांगते.)

तेव्हा आम्ही यादी नव्यानं लिहिली आणि ती पैशांच्या क्रमानं लावली नाही. ज्याला पाय लागतात ते आधी: गिरनार, हंपी, मग केदारनाथ. जिथं बसमधून बघता येतं ते नंतर. दहा वर्षांचे सहा लाख वर्षाला साठ हजार असे सारखे वाटायचे नाहीत. पहिल्या पाच वर्षांत चार लाख गेले तरी मला चालतील. युरोप मी खोडलं नाही. करायचंच असेल तर दोनच देश, कमी दिवस, आणि त्या वर्षी दुसरं काही नाही.

जानेवारीत काकूंचा फोन आला. पहाटे अंधारात निघून पादुकांचं दर्शन झालं होतं. उतरताना पाय थरथरत होते, काकांनी दोनदा हात धरला. आता वही काकांनी स्वतःकडे घेतली आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय: गिरनार, २८,६५०. त्याखाली काकूंच्या अक्षरात हंपी.