नेम कमी केला तर पाप लागंल का?

गंगाखेडहून एका ताईचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणली म्हणून नाही छापत. वय 38, परभणीला खाजगी दवाखान्यात नर्स आहे, रोजचं अपडाऊन, ड्युटी कधी दिवसाची कधी रातची. घरात सासूबाई, त्यांचे गुडघे गेलेले, मुलगा यंदा दहावीला, मुलगी पाचवीला. माहेर सासर दोन्हीकडं माळकरी. रोजचा हरिपाठ, एकादशी, त्यावर मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय मोबाईलवर एक जपाचा ग्रुप, तिथं अकरा माळा करून रात्री दहाच्या आत आकडा टाकायचा. आता जाऊबाई मागं लागल्यात की आषाढीला दिंडीत चल, पंधरा दिवस, आणि हिच्याकडं वर्षाच्या रजा बारा. सगळंच अर्धवट व्हायलंय म्हणते. मागच्या महिन्यात पारायणाला बसली होती तेव्हा पोरगा गणित विचारायला आला, हिनं आसनावरूनच हातानं "नंतर" म्हणून खुणावलं, उठून बघते तर पोरगं वहीवर डोकं ठेवून झोपलेलं. "काकू, त्या दिवशी पोथीत काय वाचलं ते आठवत नाही पण ते झोपलेलं पोर आठवतं. यातलं काही सोडलं तर पाप लागंल का?"

माय, नाही लागणार. पण एवढ्यानं तुझं समाधान व्हायचं नाही हे मला माहितीये, म्हणून जरा बसून बोलू.

आधी एक गोष्ट. लोक तुला सांगतील की अगं पेशंटची सेवा हीच देवाची सेवा, वेगळी पूजा कशाला. मी तसं म्हणणार नाही. असं म्हणणारी लई माणसं मी बघितलीत, पहिल्यांदा हरिपाठ सुटतो, मग एकादशी सुटते, आणि चार वर्षांनी हातात नुसती ड्युटी राहते. तुझ्यासारख्या बाईला देवाजवळ बसायला स्वतःचा असा वेळ पाहिजेच, आणि तो दिवसातला उरलेला नाही, आधी काढून ठेवलेला पाहिजे. पहिला नंबर देवाचाच. प्रश्न एवढाच की यातलं देवाचं कोणतं आणि लोकांनी तुझ्या डोक्यावर ठेवलेलं कोणतं.

माळ घालताना तू काय कबूल केलंस ते आठव. नाम घेईन, एकादशी करीन, पंढरीची वारी करीन, मांस-दारूला शिवणार नाही. हे तुझं आणि विठ्ठलाचं ठरलेलं आहे, याला हात लावू नको. बाकीचं कुठून आलं? मंगळवार सासूबाईंनी सांगितला, शनिवार कुणीतरी साडेसाती आहे म्हणलं म्हणून धरलास, ग्रुपमधे मैत्रिणीनं ॲड केलं. वाईट यातलं काहीच नाही पण ते तू कबूल केलेलं नव्हतंस. आणि हिशोब करून बघ, आठवड्याचे तीन उपास म्हणजे महिन्याला बारा-तेरा, वरून दोन एकादश्या, म्हणजे निम्मा महिना तू उपाशी आणि त्यात नाईट ड्युटी, आणि पत्रात शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस की हिमोग्लोबिन नऊवर आलंय. असा रिपोर्ट घेऊन पेशंट समोर आला असता तर तू काय बोलली असतीस त्याला? तेच स्वतःला सांग. तिन्ही वार सोड, त्या दिवशी दिवा लाव, नमस्कार कर, आणि दोन भाकरी खाऊन ड्युटीला जा. एकादशीला सुद्धा दूध, शेंगदाणे, राजगिरा, खजूर पोटभर खा, नुसत्या साबुदाण्यावर रात्र काढायची नाही.

ग्रुप तर आजच सोड. जपाला माझी ना नाही, आकड्याला आहे. रात्री पावणेदहाला पोरीची वेणी घालताना तुझं लक्ष माळेत नसतं, घड्याळात असतं, हे तूच लिहिलंयस. ग्रुपात एवढंच लिही की घरी जप चालू आहे, आकडा टाकणं जमत नाही, राम कृष्ण हरी.

आणि तू राहतेस कुठं ते बघ की. जनाबाईचं गाव ते! जनाबाईला कुठला आलाय मोकळा वेळ, नामदेवांच्या घरची दासी, दळण, कांडण, पाणी, शेणी, सगळं तिच्याच अंगावर. पण जात्यावर बसली की नाम चालूच, आणि विठ्ठल दळू लागायला यायचा असं आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्यात कायम हे दिसतं की तिला काम टाकून देवाकडं जावं लागलं नाही. तुझा हरिपाठ पाठ आहे ना, मग गंगाखेड ते परभणी जाताना गाडीत म्हण, खिडकीकडं तोंड करून, मोबाईल पिशवीत ठेवून. ते अर्धंमुर्धं समजू नको, तोच तुझा नेम. घरी रोज दहा मिनिटं देवापुढं बसलीस तरी पुष्कळ.

आता पोराचं. दुसरी गोष्ट सांगते, ती आपल्याच धाराशिवकडची, तेरची. गोरोबाकाका चिखल तुडवत होते, भजनात इतके रंगले की रांगत आलेलं लेकरू पायाखाली आलं तरी कळलं नाही. कीर्तनात ही कथा भक्ती किती खोल होती ते दाखवायला सांगतात, आणि पुढं विठ्ठल ते लेकरू परत देतो. पण मी आई म्हणून ऐकते तेव्हा मला त्या लेकराच्या आईचा टाहो ऐकू येतो. देवानं सुद्धा लेकरू परत दिलंच की गं! ते गेलं तर जाऊ दे, भजन चांगलं झालं, असं देव म्हणला नाही.

माझ्याकडून पण असं झालंय म्हणून जीव तोडून सांगायलेय. गावात सप्ताह होता, सात दिवस मी मंडपात, पंगतीला, काकड्याला सगळीकडं पुढं. घरी सासूबाई आजारी, रोज विचारायच्या, आली का गं ती, आणि मी म्हणायचे काला झाला की बसते त्यांच्याजवळ. काल्याच्या आदल्या रात्री त्या गेल्या. सप्ताह पुढच्या वर्षी परत आला.

म्हणून वेळ टक्कर द्यायला लागला की एवढंच बघ, कोणतं उद्या करता येतं आणि कोणतं येत नाही. पोथी खुणेला दोरा घालून मिटता येते. दहावीचं पोरगं वही घेऊन आलंय, ते रोज येईलच असं नाही, या वयात तर दोनदा नंतर म्हणलं की तिसऱ्यांदा येतच नाही.

दिंडीला यंदा जाऊ नको. जाऊबाईंना सांग की वारी सोडली नाही, पुढं ढकलली. वाऱ्या चार आहेत, आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. चैत्रीपर्यंत पोराचे पेपर संपलेले असतात, गर्दी आषाढीएवढी नसते, दोन दिवसांची रजा बास होते आणि एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. सासूबाईंना मात्र वार सोडल्याचं तू स्वतः सांग, दुसऱ्याकडून कळू देऊ नको. गुडघ्याला तेल लावायला बसशील तेव्हा सांग, रक्ताचा रिपोर्ट पण दाखव. रुसतील चार दिवस. माळ घातलेली बाई आहे, समजून घेतील असं मला वाटतं.

आज ड्युटी सकाळची असंल तर रात्री त्याला म्हण, आण ते राहिलेलं गणित. तुला येत नसंल तरी जवळ बस. आणि चैत्रीला येतो का ते पण विचारून ठेव, काय म्हणाला ते मला कळव.