दूध, अंडी, मांस सोडलं, तर जनावरांशी आपला हिशोब मिटतो का?

तुम्ही विचारलंय की दूध, अंडी, मांस बंद करून वर्ष झालं, चामड्याच्या चपलाही टाकल्या, तर आता पशुपालनाशी आपला संबंध संपला असं समजायचं का. मी स्वतः मेंढ्या आणि गायी सांभाळतो, त्यामुळे माझं उत्तर एका बाजूला झुकलेलं वाटलं तर तो दोष धरूनच वाचा. ताटापुरता संबंध संपला. बाकीचा बराच शिल्लक आहे.

मेंढीपासूनच सुरू करतो. लोकर कातरायच्या दिवशी दुपारपर्यंत माझे हात कोपरापर्यंत मेणचट होतात. दोनदा साबण लावला तरी निघत नाही, वास तर दोन दिवस हाताला राहतो. पण एरवी भेगा पडलेली बोटं त्या आठवड्यात लोण्यासारखी असतात. हे मेण मेंढीच्या कातडीतल्या ग्रंथींतून पाझरतं आणि लोकरीत पाणी मुरू देत नाही. कच्च्या लोकरीच्या वजनात ते जातीप्रमाणे 5 ते 25 टक्के भरतं. लोकर धुताना ते वेगळं काढतात, त्याचं नाव लॅनोलिन. ओठांच्या मलमात असतं ते हेच. आता खरी गंमत. या लॅनोलिनमधून कोलेस्टेरॉल काढून, त्यावर प्रक्रिया करून, शेवटी अतिनील किरण सोडले की ड-3 जीवनसत्त्व तयार होतं. आपली कातडी उन्हात जे करते, तेच कारखान्यात होतं. म्हणजे दूध सोडलं म्हणून तुम्ही ड-3ची गोळी घेत असाल, तर ती बहुधा कुणाच्या तरी मेंढीच्या पाठीवरून आलेली आहे. लायकेनपासून, म्हणजे दगडफुलाच्या जातीपासून, केलेलं ड-3 मिळतं, पण ते मुद्दाम शोधावं लागतं.

आणि ती गोळी मऊ कॅप्सूलमध्ये असेल तर कवच बरेचदा जिलेटिनचं, म्हणजे गुरांची किंवा डुकरांची कातडी आणि हाडं यांतून काढलेलं प्रथिन. जुन्या फोटोंच्या फिल्मवरचा थरसुद्धा जिलेटिनचाच. 1871 साली रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा थर दिलेली कोरडी काच सुचवली आणि पुढे छायाचित्रकार फोटो काढतानाच काचेला रसायन लावून ती ओली असेपर्यंत वापरायच्या कटकटीतून सुटले.

चामडं, ब्रशचे केस, हाडांच्या राखेची बोन चायना भांडी, हे तुम्हाला ठाऊक असणार. औषधांचं मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. रक्त गोठू नये म्हणून डायलिसिसच्या वेळी किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेत देतात ते हेपारिन मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून निघतं. 1922 च्या जानेवारीत टोरोंटोत एका 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, ते गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. जिवाणूंकडून करवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली 1982 मध्ये. म्हणजे मधली 60 वर्षं मधुमेह्यांचं इन्सुलिन कत्तलखान्यातून येत होतं. सर्पदंशावरचं प्रतिविष बहुतेक ठिकाणी अजूनही घोड्यांच्या रक्तातून तयार होतं, घोड्याला थोडं थोडं विष टोचून. फ्लूच्या बऱ्याचशा लसी कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवतात.

भाजीपाल्याचंही तेच. रासायनिक खत नको म्हटलं की बहुधा शेण येतं, लेंड्या येतात, फॉस्फरससाठी हाडांचा चुरा येतो. निव्वळ पालापाचोळा आणि हिरवळीच्या खतावर शेती करणारे आहेत, पण थोडे.

हे सगळं वाचून ‘मग सोडून तरी काय उपयोग’ असं वाटून घेऊ नका. माझ्या मते इथे वजनाचा फरक आहे. हेपारिनसाठी म्हणून कुणी डुकरं पाळत नाही, जिलेटिनसाठी गाय पोसत नाही. जनावर पोसलं जातं ते दुधाच्या नि मांसाच्या पैशावर, बाकीचं त्यामागून येतं. माझ्याकडे लोकरीच्या पैशातून कातरणीची मजुरीही धड सुटत नाही. तरी कातरावं लागतं, कारण या मेंढ्यांची लोकर आपोआप झडत नाही आणि उन्हाळ्यात जनावर त्या ओझ्याखाली धापा टाकतं. तेव्हा तुम्ही जे सोडलंय ते मुळाचं आहे.

त्यातही दुधाचं. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, एवढी साधी गोष्ट लोक विसरतात. सुमारे 280 दिवस गाभण, मग साधारण 305 दिवस दूध, पुढच्या वेताआधी 60 दिवस आटवायची. दूध चालू असतानाच ती पुन्हा गाभण राहते, म्हणून जवळपास दरवर्षी वासरू, आणि निम्मी वासरं गोऱ्हे. कालवड ठेवता येते, गोऱ्ह्याचं करायचं काय? पहिल्या वर्षी मी एक विकला. तो कुठे जाणार हे मला माहीत होतं, म्हणूनच घेणाऱ्याला विचारलं नाही. गाय दोन रात्री हंबरत होती, तिसऱ्या दिवशी सकाळी वैरणीला तोंड लावलं. धंदा मी सोडला नाही, पण तुम्ही दूध का सोडलंत हे मला समजावून सांगायची गरज नाही.

आता कामाचं. कॅप्सूलच्या डबीवर एचपीएमसी लिहिलं असेल तर कवच वनस्पतीच्या सेल्युलोजचं. साबणावर सोडियम टॅलोएट दिसलं तर ती जनावराची चरबी, सोडियम पामेट असेल तर पामतेल. हेपारिन किंवा तसलं कुठलं औषध चालू असेल तर ते मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा. आणि ड-3 घेत असाल तर आधी डबीवर लायकेन लिहिलंय का ते बघा, तेवढा बदल सगळ्यात सोपा आहे.