मामा 2006 ची करिझ्मा विकायला तयार नाहीत. असं काय आहे त्या गाडीत?

तुम्ही लिहिलंय की मामा गाडी विकतही नाहीत, रोज चालवतही नाहीत, वर दरवर्षी तिच्यावर दहा-बारा हजार घालतात. हे वेड कशाचं, असा तुमचा प्रश्न. मामांना मी ओळखत नाही, पण मी त्याच जातकुळीतला. माझ्याकडेही 2006 चीच करिझ्मा आहे, हिरो होंडाची मोटरसायकल, लाल, एमएच 18 म्हणजे धुळे पासिंगची, आणि मी राहतो जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला. म्हणून मामांची वकिली करतो. करता करता थोडी पोलही खोलतो.

आधी गावाचा दोष. अमळनेरला न विकण्याचा रोग जुना आहे. 1945 साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. ज्या घरांनी तिचे शेअर ट्रंकेत तसेच पडू दिले, त्यांची पुढची पिढी सुखात आहे. आमच्या आजोबांनी ते आत्याच्या लग्नात काढून टाकले. तेव्हापासून घरातून कुठलीही जुनी वस्तू बाहेर काढायची म्हटली की आई विचारते, "परत तेच करतोस का?" ट्रंकेतला शेअर वाढतो आणि वाड्यातली मोटरसायकल गंजते, हे तिला समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. मला सोयीचंच होतं.

आता गाडी. करिझ्मा आली 2003 मध्ये, तेव्हा आमच्याकडे सगळीकडे स्प्लेंडर आणि बॉक्सर. हौशी पोरांकडे एखादी आरएक्स 100. त्यात ही 223 सीसीची, पुढून अर्धं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं कवच असलेली, जाहिरातीत हृतिक रोशन. नवी घेण्याची ऐपत नव्हती. मी 2008 मध्ये घेतली, धुळ्याहून बदली होऊन चाललेल्या एका साहेबांकडून, 46 हजारांत. त्या वर्षीच्या कापसाचे पैसे होते. वडील आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "चोपड्याला सोड."

मामांच्या वेडाचं खरं कारण मला वाटतं इथे आहे. ही गाडी स्पोर्ट बाइक म्हणून विकली गेली, पण ती स्पोर्ट बाइक नव्हतीच. तिचं इंजिन होंडाच्या डोंगरदऱ्यांतून फिरणाऱ्या गाड्यांच्या घराण्यातलं, हवेवर थंड होणारं, पाच गिअरचं. ताकद 17 पीएस (हॉर्सपॉवरच समजा), तीही इंजिनाच्या मिनिटाला 7000 फेऱ्यांना, म्हणजे 7000 आरपीएमला. 2008 मध्ये यामाहाची आर15 आली, तिनेही 17 पीएसच दिली, पण फक्त 149.8 सीसीतून आणि 8500 आरपीएमला. कागदावर आर15 हुशार, यात वाद नाही. तिला सहा गिअर, पाण्याचं कूलिंग, चेसिसही भारी. पण आमच्या चुलतभावाची आर15 जोर दाखवायची ती ॲक्सिलरेटरचा कान पिळल्यावर. करिझ्मा खालच्या आरपीएमलाच ओढायची. मागे वडील, मांडीवर सरकीची थैली, समोर उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली. चौथ्यातच नुसता हात फिरवला की गाडी पुढे. शिवाय हँडल उंच, सीट रुंद, टाकी 15 लिटरची. माझी 36-38 चं ॲव्हरेज देते, म्हणजे एकदा टाकी भरली की अमळनेरहून पुण्यापर्यंत पंपाकडे बघायचं काम नाही. आणि पुण्यात उतरल्यावर कंबर सरळ होते! हे आर15 वाल्याला विचारा.

मित्राकडे पल्सर 220 आहे. तिचं 21 पीएस आणि 'फास्टेस्ट इंडियन'चं पुराण आम्ही पंधरा वर्षं चहाच्या टपरीवर ऐकतोय. लळिंग घाटात तो मला दर वेळी मागे टाकतो, ते मी मान्य करतो. बजाजने 2022 मध्ये ती गाडी बंद केली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. 2023 मध्ये तीच गाडी परत बाजारात आली, तर या माणसाने पेढे वाटले. घेतली नाही हं. नुसते पेढे वाटले.

एक प्रसंग सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात तोरणमाळला चाललो होतो, दोंडाईचामार्गे. वाटेत सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरलेली, तापीकाठी घोडेबाजार. गाडी एका झाडाखाली लावून घोडे बघत फिरलो. परत आलो तर एक म्हातारे बाबा गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसलेले. घोड्याचे पाय तपासतात तसं फोर्क निरखत होते. मला म्हणाले, "जिभाऊ, देनी शे का?" म्हणजे अहिराणीत, भाऊ, विकायची आहे का? मी म्हटलं, नाही बाबा. तर म्हणाले, "मंग बजारमा कसाले उभी करी?" (मग बाजारात कशाला उभी केली?)

यावर मला उत्तर सुचलं नाही. शहाद्यापर्यंत मी हेल्मेटमध्ये एकटाच हसत होतो. पुढे तोरणमाळचा घाट दुसऱ्या-तिसऱ्यात आरामात चढली. उतरताना मात्र मागचा ड्रम ब्रेक किती जुन्या काळचा आहे ते प्रत्येक वळणावर आठवत होतं. हे मामा तुम्हाला सांगणार नाहीत.

आणि तेही सांगणार नाहीत की गाडी बिघडते ती बहुधा आपल्याच कर्माने. 2020 मध्ये सहा महिने मी तिला पोत्याखाली उभी ठेवली. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत आतून गंज धरला, कार्बोरेटरमध्ये डिंकासारखा थर. एका मोठ्या वर्कशॉपात नेली, तिथल्या पोराने न उघडताच सांगितलं, "काका, भंगारात द्या." शेवटी आमच्या चाचांनी, म्हणजे गावातल्या मिस्तरींनी, तीन दिवस खपून टाकी धुतली, जेट साफ केले, ओ-रिंगा आणि पेट्रोलची नळी बदलली. एक साइड पॅनल मिळेना, तो मालेगावच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. पॅनल काळा, गाडी लाल. अजून तसाच आहे. आता तर पंपावर 20 टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं, त्यामुळे मामांची गाडी नुसतीच उभी राहत असेल तर निदान टाकी आणि कार्बोरेटर रिकामे ठेवायला सांगा. दहा-बारा हजारांतले निम्मे तिथेच वाचतील.

चाचा आता साठीच्या पुढे आहेत. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरून टॅपेट ढिले झालेत का ते सांगतात. त्यांच्या पोराने मोबाइलचं दुकान टाकलंय. माझी निष्ठा करिझ्मावर किती आणि चाचांवर किती, याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

पण नावावर निष्ठा नाही, एवढं नक्की. हिरो आणि होंडा वेगळे झाल्यावर 2014 मध्ये नव्या रूपाची करिझ्मा आली, एरिक ब्युएल रेसिंग या अमेरिकन बाइक कंपनीची मदत घेऊन केलेली. इंजिन त्याच 223 सीसीचं, ताकद थोडी जास्त. आमच्या ओळखीत जुनी करिझ्मावाले पाच जण आहेत, एकानेही ती घेतली नाही. तोंडावळाच पटला नाही. मग ऑगस्ट 2023 मध्ये करिझ्मा एक्सएमआर आली, पुन्हा हृतिकला घेऊन. 210 सीसी, पाण्याचं कूलिंग, सहा गिअर, 25.5 पीएस. पोराच्या आग्रहाखातर मी टेस्ट राइड घेतली. मे महिना होता, डांबर पाघळत होतं. खरं सांगतो, गाडी झकास आहे. माझ्या गाडीपेक्षा जोरात पळते, जागेवर थांबते, वळते तर लोण्यासारखी. पोरगा आशेने बघत होता. मी म्हटलं, बघू. कारण वाड्यात जागा एकाच मोटरसायकलची आहे. दुसऱ्या कोपऱ्यात आईची तुळस आणि कडब्याचं मशीन, आणि त्यातलं काहीही हलणार नाही.

तुम्हाला मामांची गाडी हवी असेल (प्रश्नाच्या सुरावरून मला तसा वास येतोय), तर विकत मागू नका. हिवाळ्यात एखाद्या रविवारी त्यांना म्हणा, बामणोदला भरीत खायला जाऊ, गाडी मी चालवतो. देतील. परत आल्यावर चाबी त्यांच्या हातात द्या आणि धूळ पुसून ठेवा. असे चार-पाच रविवार गेले की विषय तेच काढतील.

आणि एक महत्त्वाचं, त्यांची आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, काढून बघा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 2006 ची म्हणजे पहिलं 2021 मध्ये झालं असणार, दुसरं 2026 मध्ये. सोबत ग्रीन टॅक्सची, म्हणजे जुन्या गाडीवरच्या कराची पावती, विमा, पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. माझी प्लेट बसली, पासिंग बाकी आहे. तुमच्याकडचं आरटीओ कोणतं ते सांगा, जळगाव की धुळे?